अण्णांची पाच बोटं

मंडळी, आज दुपारी हृदयाच्या आणि रक्ताच्या तपासण्यांचे रिपोर्ट आणायला एकटीच गेले होते. डॉक्टरीणबाईंनी दंडावरचे निळे डाग पाहिले आणि विचारलं, "काकू, हे लहानपणापासून येतात का?"

साठी उलटली, पण आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या रक्तातल्या प्लेटलेट्स आणि हृदयाची एक झडप, दोन्हींत जन्मापासून बिघाड आहे म्हणे. फार क्वचित आढळतो. "नुसतं दाबलं तरी डाग उठतो. यात कुणाची चूक नाही," त्या म्हणाल्या आणि मला रडूच फुटलं.

सत्तरच्या दशकात आम्ही पिंपरीतल्या कामगारांच्या चाळीत राहायचो. मी सहा वर्षांची असताना हायवेवर ट्रक अंगावर आला, म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मनगट धरून मला मागे ओढलं. संध्याकाळी मनगटावर त्यांची पाच बोटं काळीनिळी उमटली. नळावर बायका म्हणाल्या, "कंपनीतला राग पोरीवर काढतो मेला!"

ते अण्णांच्या कानावर गेलं. त्यानंतर त्यांनी माझा हात कधीच धरला नाही. रस्ता ओलांडताना मिटलेली छत्री पुढे करायचे. मूठ त्यांच्याकडे, टोक माझ्याकडे.

अण्णा गेले, चाळही पाडली. हे सांगायला आता कुणी उरलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मला आयुष्यभर वाटत राहिलं, मी त्यांना आवडतच नव्हते. तुमच्या वडिलांनीही असा हात सोडला असेल आणि ते हयात असतील, तर आज विचाराल का त्यांना, हात का सोडलात ते?