चार थेंब

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी शेणातले जिवाणू वाढवायचे. हवाबंद बाटलीत ते साखर आंबवून ॲसिटेट करतात, म्हणजे व्हिनेगरातलं तेच आंबट. त्यासाठी त्यांना जीवनसत्त्वांचे चार थेंब लागतात, बी-बारा तर लागतंच. एकदा मी ते थेंब घालायला विसरले. जिवाणू वाढले की बाटली गढूळ होते; दोन दिवसांनी बाटल्या नितळच दिसल्या आणि मी चूक लगेच ओळखली. माझ्या नजरेचं केवढं कौतुक झालं!

शेण आमच्याच म्हशीचं होतं. आई भोकरहून एसटीच्या कंडक्टरकडे माझ्यासाठी रोज दुधाची बरणी द्यायची. स्वतः कोरा चहा प्यायची. माळकरी असल्यामुळे ती अंडं-मटण शिवतही नसे.

वर्षभर ती फोनवर म्हणत होती, "पायाला लई मुंग्या येऊन राहिल्या गं. पायाखालची भुईच कळंना."

"वय झालंय, तेल लाव," मी म्हणायचे. जिवाणूंची एवढी काळजी घेणारी मी, आईला तेल लाव म्हणत होते!

शेवटी ती न्हाणीत पडली, तेव्हा कुठे रक्त तपासलं. बी-बारा जवळपास नव्हतंच. पायांच्या नसा आता पूर्ण सुधारणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तिला विचारलं, "मटण नाही, पण दूध तरी घेत होता ना?"

आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हाव, घेते की रोज," ती म्हणाली.

नांदेडला माझ्या खोलीवर येऊन मी फ्रीज उघडला. आईनं पडायच्या आदल्या दिवशी पाठवलेली बरणी काठोकाठ भरलेली होती.