मधला गठ्ठा

इस्पितळाच्या तळघरातल्या धोबीखान्यात काकू बावीस वर्षं चादरी मोजतायत. इस्त्री झालेल्या चादरींचे तीन मजल्यांचे तीन गठ्ठे टेबलावर ओळीनं मांडायचे. पहिल्यात दुसरा मिळवायचा, मग त्यात तिसरा. आपला आकडा आजवर चुकला नाही, हे काकू कुणाला विसरू देत नाहीत.

परवा नव्या मुलीनं गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या नुसत्या पाहिल्या. सत्तेचाळीस, छत्तीस, चौसष्ट.

"एकशे सत्तेचाळीस."

"एवढ्यात? आगगाडी आहेस का गं?"

"नाही काकू, छत्तीस नि चौसष्ट शंभर होतात. मग पहिले सत्तेचाळीस."

"म्हणजे मधला आधी तिसऱ्याकडे, आणि पहिला बसलाय वाट बघत! अंदाजपंचे आकडे फेकायचे, वर मलाच शिकवायचं?"

इस्त्रीवाली खुदकन हसली. काकूंना चेवच चढला. "मोज सगळ्या. एकेक करून. सगळ्यांसमोर!" आणि तरातरा वर जाऊन त्यांनी साहेबांना सांगून टाकलं, "ही मुलगी कामाची नाही. उद्यापासून नको." काकूंचा शब्द म्हणजे साहेबांना पुरावाच.

खाली आल्या तेव्हा मुलगी शेवटाला पोचली होती. घड्या विस्कटल्या होत्या. "एकशे सेहेचाळीस... एकशे सत्तेचाळीस."

आता कुणी हसलं नाही.

काकूंनी मनात आपल्या रीतीनं बेरीज केली. त्र्याऐंशी, मग चौसष्ट. एकशे सत्तेचाळीस. मग मुलीच्या रीतीनं केली. तेवढेच. मधला गठ्ठा डावीकडे आधी सरकवा नाहीतर उजवीकडे, टेबलावरच्या चादरी जातायत कुठे? काकूंचे कान तापले.

"काकू, पुन्हा मोजू का?" मुलीनं विचारलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

काकू जिना चढल्या. या वेळी एकेक पायरी.

"साहेब, त्या मुलीला राहू द्या."

"का? कामाची नाही म्हणालात ना?"

"मी चुकले. ती मधला आणि तिसरा आधी मिळवते. मला वाटलं, असं चालत नाही."

"अहो काकू, हे तर शाळेतल्या पोरांना येतं!" साहेब मोकळेपणानं हसले. "राहू दे की मग."

"हो," काकू म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

खाली येऊन त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. इस्त्रीवाली बघत होती, सगळ्याच बघत होत्या. "तिचा आकडा बरोबर होता. मला कळलं नाही, आणि मी तिला..." पुढचं तोंडातच राहिलं. विस्कटलेली एक चादर उचलून त्या एकट्याच घडी घालू लागल्या. मुलगी पुढे आली, समोरची दोन टोकं धरली. घडीवर घडी पडत दोघी जवळ येत गेल्या. हाताला हात लागला तरी काकूंची मान वर झाली नाही.