सुतकातली येसर आमटी

दुःखाच्या घरी मी लग्नाची आमटी घेऊन गेले. चुकून नाही. चांगला विचार करून गेले.

येसर म्हणजे काय, ते आधी सांगते. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल असं सगळं खरपूस भाजून दळायचं आणि त्या पिठाची लसणाच्या फोडणीत पातळ आमटी उकळायची. आमच्याकडं लग्न ठरलं की पहिलं काम येसराचं. उखळाला हळकुंड बांधतात, पाच सवाष्णी मुसळाला हात लावतात, गाणी म्हणतात. मग ते येसर मडक्यात भरून, तोंडाला फडकं बांधून कोठीत ठेवून देतात. लग्नाच्या दिवसापर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. लावला तर काय होतं, हे कुणालाच माहीत नाही. (कारण आजवर कुणी लावलाच नव्हता. मी या घरात सून म्हणून येईपर्यंत!)

माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं, म्हणून असं एक मडकं आमच्या कोठीत होतं. त्या पाच सवाष्णींमध्ये माझी मैत्रीण कमल होती. मुसळ सगळ्यात जोरात तिनंच हाणलं. "लगीन हाय का दगड फोडायचाय?" म्हणून सासूबाई ओरडल्या, तशी ती आणखी जोरात हाणायला लागली.

पुढच्याच आठवड्यात कमलचे मालक ओट्यावर चहा पीत बसले होते, ते बसल्या जागीच गेले. कपातला चहासुद्धा सांडला नाही.

हर्सूलला आमची घरं समोरासमोर. दुपारी कमलच्या ओट्यावर आम्ही बायका आपापले डबे घेऊन जेवायला बसायचो. नसरीनभाभीची खट्टी दाळ, कमलचे शेंगोळे, माझा ठेचा. सगळं सगळ्यांच्या ताटात. कमलचे मालक जाता-येता कुणाच्याही डब्याचं झाकण उचलायचे, बोट बुडवून चाटायचे आणि म्हणायचे, "अळणी हाय. मीठ आण गं!" कितीही मीठ घाला, त्यांना अळणीच लागायचं. बाकी मैफल बोलण्याची असायची. मी ऐकायला असायचे.

कारण मी बोलायला फार लाजते. गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईनं मला मुकी समजून वर्षभर हातवारे केले. मीही हातवाऱ्यांनीच उत्तरं दिली. तिचा गैरसमज दूर करायचा, तर बोलावं लागलं असतं!

मयताच्या घरी सुतक फिटेपर्यंत चूल पेटत नाही. गल्लीनं जेवण न्यायचं. तेही साधं. साधं म्हटलं की सगळ्यांना एकच सुचतं. कमलच्या घरात पिठल्याचे इतके डबे आले, की गावाकडून आलेली माणसं सकाळी पिठलं, दुपारी पिठलं आणि रात्री उरलेलं पिठलं खात होती. रडून आणि पिठलं खाऊन सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसायला लागले होते. कोण जवळचा आणि कोण लांबचा, ते ओळखू येईना.

खात नव्हती ती फक्त कमल. भिंतीकडं तोंड करून बसली होती. बोलणं बंद, जेवण बंद. तिला साखरेचा आजार. गोळी जेवल्याशिवाय घ्यायची नाही, आणि गोळी चुकवायची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी प्यायला उठली, ती गरकन फिरून पडली. डॉक्टर येऊन गेले. जाताना म्हणाले, "पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात न्यावं लागेल. अंगात त्राण नाही राहिलेलं."

नसरीनभाभी मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "कुछ तो खिलाओ रे उसको. नहीं तो ये भी जाती अब."

कमलची नणंद गयाबाई सिल्लोडहून आलेली. सुतकाचे सगळे नियम तिला पाठ. ती कमलपुढं पिठल्याचं ताट सरकवायची, "खा गं, दोन घास खा," आणि कमल ते ताट तसंच परत सरकवायची. ताट दिवसभर दोघींच्या मधे ये-जा करत होतं.

कमल काय खाईल, ते मला ठाऊक होतं. लग्नात ती लाडवाकडं बघायचीसुद्धा नाही. येसर मात्र तीन-तीन वाट्या प्यायची. पण घरात येसर होतं ते फक्त त्या मडक्यात. सासूबाई कमलच्या घरी बायकांत बसलेल्या. मी घरी आले, कोठीत गेले आणि मडक्याचं फडकं सोडलं. घाईत लसूण फोडणीत कमी आणि शेगडीखाली जास्त पडला. चव घ्यायची माझी हिंमत झाली नाही. लग्नाचं येसर देवाला दाखवायच्या आधी चाखत नाहीत. (मडकं उघडलं तर चालतं. चाखायचं नाही!)

पातेलं मोठं भरलं. एकट्या कमलसाठी नेलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, आणि मग बोलावं लागलं असतं.

दारातून आत पाऊल टाकलं आणि वाफ माझ्यापुढं गेली. लसूण, दगडफूल, भाजलेलं खोबरं. आत बसलेली माणसं एकदम ताठ झाली. कोपऱ्यात कमलचे चुलतसासरे नाना डुलक्या घेत होते. त्यांना दिसत कमी. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "वऱ्हाड आलं व्हय?"

कुणी हसलं नाही. पण कुणीतरी वाट्या आणल्या. मी खाली मान घालून वाढत सुटले. पिठल्यानं गांजलेले ते पुरुष भाकरी कुस्करून असे भुरके मारायला लागले, की बाहेरून जाणाऱ्याला आत रडारड नसून पंगत आहे असंच वाटावं. सासूबाईंनी वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. स्वतःच्या कोठीतलं येसर ओळखायला त्यांना चव घ्यावी लागत नाही.

तेवढ्यात गयाबाई उठली.

"ही लग्नाची आमटी कुणी आणली गं? माझा भाऊ जाऊन सुतक फिटलं न्हाई, अन् इथं येसर! कुणाचं लगीन हाय? बोल की! तोंड न्हाई का तुला?"

मी तोंड उघडलं. मग ते मिटून हातानंच कमलकडं खूण केली. त्या नवीन बाईनं मागून सगळ्यांना समजावलं, "ओ, तिला बोलता येत न्हाई!" सासूबाई एरवी माझ्या नावानं गल्ली गोळा करतात, त्या पदराचं टोक बघत बसल्या. मडक्याची गोष्ट त्यांनाही तिथं काढायची नव्हती.

"फेका हे बाहेर!" गयाबाई म्हणाली आणि तिनं पातेल्याला हात घातला.

"थांब गं गया," नाना वाटी खाली ठेवून म्हणाले. "ह्यात मीठ कुठाय?"

सगळे थांबले. ज्यानं त्यानं जीभ टाळ्याला लावून बघितली. मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच! इतकी माणसं अर्धी वाटी संपेपर्यंत गप्प बसली होती. दुःखाच्या घरी मीठ मागायचं कसं?

"अळणी हाय," नाना म्हणाले. "लग्नाची आमटी अळणी असती व्हय? अळणी सुतकात खात्यात. पोरीनं इचार करून केलंय. बस खाली."

गयाबाईला नियम पाठ होते, हेच तिचं चुकलं. अळण्यापुढं तिला बोलता येईना. ती बसली. मी विचार करून केलंय, हे मला तेव्हाच कळलं.

मी एक वाटी घेऊन कमलपुढं ठेवली. ती भिंतीकडंच बघत होती. मग तिनं वाटीत बोट बुडवलं. तिचे मालक बुडवायचे, तसं. चाटलं.

"अळणी हाय," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "मीठ आण गं."

"वहिनी, सुतकात..." गयाबाई म्हणाली.

"ह्या घरात अळणी कधी चाललंय?" कमल म्हणाली आणि तिला रडू फुटलं. मी मीठ आणलं. रडत-रडत तिनं ते वाटीत टाकलं, भाकरी कुस्करली आणि खाल्ली. नाक पुसायची, खायची, परत रडायची. नसरीनभाभी गोळी घेऊन शेजारी उभी होती.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मडक्याचं तोंड बांधलं व्हतं ना? ते तुझ्यासाठीच बांधलं व्हतं!" त्यापुढं जे म्हणाल्या, ते इथं लिहीत नाही. शिक्षा म्हणून दिराच्या लग्नातली आमटी माझ्यावर टाकली. आता माझ्या अळण्याची कीर्ती पाहुण्यांत पसरली होती. चुलीपाशी जो येईल तो विचारायचा, "मीठ टाकलं का गं?" टाकलंय, असं सांगायची मला लाज वाटायची. त्यापेक्षा मी प्रत्येकासमोर पुन्हा एक मूठ टाकायचे.

वऱ्हाडानं येसर एक घोट प्यालं आणि पाणी दिवसभर.

कमल लग्नाला आली नाही. आता ती कशी येणार? मी तिच्यासाठी डबा पाठवला. आमच्यात दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला. झाकण उघडलं, तर आत दोन सोललेले कच्चे बटाटे. खारट आमटीत टाकतात, तसे!

मी किती तरी वेळ त्या बटाट्यांकडं बघत हसत होते. म्हणजे कमल अजून होती.

संध्याकाळी त्याच बटाट्यांची भाजी केली. आता मीठ बेतानं टाकायचं, असं ठरवून टाकलं. आमच्या ह्यांनी पहिला घास घेतला, हात थांबवला आणि हळूच विचारलं,

"कोण गेलं गं?"