बाई पोरगी आणायला गेल्या तेव्हा

तापलेल्या पत्र्याचा वास आला की मला अकोल्याच्या जुन्या शहरातली ती शाळा आठवते. गल्लीतल्या एका घराच्या पत्र्याच्या छताच्या तीन खोल्या आणि धुणीभांडी करणाऱ्यांची, हमालांची मुलं. नाममात्र फीच्या त्या शाळेला मदत द्यावी का, हे पाहायला आमच्या संस्थेनं मला पाठवलं होतं. पाहणीच्या कागदावरचा मैदानाचा प्रश्न मी विचारत होते, तेवढ्यात वर्गाची हजेरी घेता घेता बाई थांबल्या. "खिडकीजवळची पोरगी काहून नाही आली आज?" कुणालाच माहीत नव्हतं. "मॅडम, तुमी जरा पोरायले पाहा, मी आलीच," म्हणत त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि चपला घालून निघाल्या. मी घाबरत साताचा पाढा सुरू केला. मधेच चुकले, तर पोरांनीच सावरून घेतलं. थोड्या वेळानं बाई परतल्या. सोबत एकच वेणी घातलेली मुलगी होती, बाईंच्या कडेवर तिचा तान्हा भाऊ. "माय कामावर गेली, हे याले सांभाळून राहिली होती." बाळाला टेबलावर बसवून, मुलीची दुसरी वेणी घालता घालता त्यांनी धडा पुढे नेला. मी मदतीची जोरदार शिफारस केली; संस्थेनं मैदान नाही म्हणून नाकारली. फोनवर सांगताना माझाच आवाज पडला, तर बाई हसल्या, "जाऊ द्या मॅडम, शाळा कुठं बंद होऊन राहिली?" आता नवे लोक पाहणीला निघाले की मी त्यांना सांगते, कागद नंतर भरा, आधी तासभर वर्ग सांभाळा.