माधवीचं राहून गेलेलं लीट्रिम

आयर्लंडमधल्या ब्लँचर्डस्टाउनच्या त्या घरांच्या ओळीत २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाला काही ना काही वेड लागलं होतं. कोणी ब्रेड भाजत होतं, कोणी कुंपण रंगवत होतं. माधवी मात्र आयर्लंडचा इतिहास, भूगोल आणि राज्यव्यवस्था करत होती. नागरिकत्वाचा अर्ज भरून झाला होता आणि अर्जानंतर परीक्षा येणार, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. कारण काय, तर इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणारी तिची नणंद योगिनी तिकडच्या नागरिकत्वाची परीक्षा पास झाली होती, आणि त्या निकालाची गोष्ट तिनं इतक्या वेळा सांगितली होती की सगळ्या नातेवाइकांना ती तोंडपाठ होती.

माधवीला पाठांतराची जुनी युक्ती ठाऊक होती: उखाणे. प्रत्येक काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, एक. भांडी घासताना सुरू व्हायचे.

"केरीच्या डोंगरावर धुक्याची शाल, चारुदत्तरावांचं नाव घेते, पास करा खुशाल."

एरवी ती नवऱ्याला चारू म्हणते. उखाण्यात आला की त्याचा राव व्हायचा आणि तोही बिचारा लॅपटॉपमागे जरा ताठ बसायचा. पण डोनेगलचा उखाणा ऐकून त्यानं कानांवर हेडफोन चढवले: "डोनेगलच्या टोकाला वाऱ्याचा मारा, चारुदत्तराव म्हणतात, आता अभ्यास आवरा."

लीट्रिमपाशी गाडी अडली. यमक एकच सुचत होतं, आइस्क्रीम. इतक्या गंभीर यादीत आइस्क्रीम शोभेना. "मग बघू," म्हणून तिनं लीट्रिम बाजूला ठेवलं. बाजूला ठेवलेल्या वस्तूंचं घरात काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

२०२१ च्या सुरुवातीला दोघांना पत्र आलं. साथीमुळे शपथविधीचे समारंभ बंद. वकिलासमोर निष्ठेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची आणि पाठवून द्यायचं. माधवीनं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"चारू, परीक्षेची तारीख कुठाय?"

"कसली परीक्षा?"

"नागरिकत्वाची."

"इथं परीक्षा नसते गं."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"मला वाटलं हौस आहे. लोक ब्रेड भाजत होते, तू इतिहास करत होतीस."

त्यात संध्याकाळी योगिनीचा फोन. "म्हणजे नुसती सही, वहिनी? बरं आहे बाई तुमचं. रेशनकार्डासारखं. आमच्याकडे घाम काढतात."

फोन ठेवला तेव्हा माधवीचे कान लाल झाले होते. माधवी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. तिथं चाचणी झाल्याशिवाय एक गोळी दाराबाहेर पडत नाही, आणि जी गोष्ट घडली नाही ती कागदावर चढत नाही. ती कपाटापाशी गेली, म्हणजे तिकडच्या भाषेत प्रेसपाशी, आणि आपला निळा भारतीय पासपोर्ट काढून हातात धरून उभी राहिली. नवीन पासपोर्ट घ्यायचा तर हा परत करायचा. दोन्ही ठेवायची सोय नाही.

"हा मला जन्मानं मिळाला," ती म्हणाली. "तो सोडून दुसरा घ्यायचा तर कमावून घेईन. तपासल्याशिवाय मी सही करणार नाही."

"पण तपासणार कोण?"

शेजारी नोरा होती. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, आणि निवृत्त झाल्यापासून तपासायला काही मिळत नसल्यामुळे जरा उदास. माधवीनं बागेच्या भिंतीवरून विषय काढताच तिचे डोळे चमकले. "ग्रँड," ती म्हणाली. "पण मी दया दाखवत नाही हो. शनिवारी ये."

शनिवारी भिंतीच्या अलीकडे माधवी, पलीकडे नोरा, वरून भुरभुर पाऊस.

"राष्ट्राध्यक्षाची मुदत?"

"सात वर्षं."

"पंतप्रधानाला काय म्हणतात?"

"टीशख." त्यातला ख माधवीनं असा घशातून काढला की नोरा म्हणाली, "या ओळीतल्या अर्ध्या आयरिश लोकांना हा जमत नाही. बरं, काउंट्या किती?"

"राज्याच्या की बेटाच्या?"

"शाबास. इथं उत्तराआधी उलट प्रश्न विचारायचा असतो, हे तुला कळलंय." मग तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून कोरा नकाशा पुढे केला. "राज्याच्या सव्वीस भर. उत्तरेतल्या सहा ब्रिटिशांकडे, त्या सोड."

माधवी उखाणे पुटपुटत भरत गेली आणि ऐटीत नकाशा परत केला. नोरानं चष्मा वर केला, खाली केला, खिशातून लाल पेन काढलं.

"लीट्रिम कुठाय?"

माधवीनं नकाशा भिंतीवरून पुन्हा ओढून पाहिला. ती जागा कोरीच होती.

"अख्खी काउंटी गाळलीस. माझी आई तिथली," नोरा म्हणाली. "नापास."

शाळेपासून हा शब्द माधवीनं फक्त दुसऱ्यांबद्दल ऐकला होता. त्या दिवशी चहासुद्धा चारुदत्तनंच केला.

सोमवारी वकिलाची वेळ होती. चारुदत्त एकटाच गेला आणि सही करून आला. "सरकारला तुझी सही हवीय, माधवी, भूगोल नकोय. उद्या विमानतळावर मी एका रांगेत, तू दुसरीत. बरं दिसेल का?"

"मी नापास आहे," ती म्हणाली. "नापास माणूस सही करत नाही."

मग त्यानं गुपचूप चिवड्याचा डबा नोराच्या भिंतीवर नेऊन ठेवला. नोरानं डबा ठेवून घेतला, चिवड्याची तारीफ केली आणि मार्क होते तिथंच ठेवले. माधवीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

फेरपरीक्षा पुढच्या शनिवारी. पावसात आता गाराही होत्या. माधवीनं सगळ्यात आधी लीट्रिम भरलं, मग बाकीचा देश. नोरा लाल पेन घेऊन शोधत राहिली, पण त्याला काम मिळेना.

"आता सांग, कसं लक्षात ठेवलंस?"

"थांब," माधवी म्हणाली. "चारू, आण."

चारुदत्त फ्रीजरमधून आइस्क्रीमचा डबा आणि चमचा घेऊन आला. न घडलेली गोष्ट बोलायची नाही, हा कारखान्याचा नियम. माधवीनं त्या गारठ्यात चमचाभर आइस्क्रीम तोंडात घातलं. दात वाजायला लागले, तरी आवाज स्पष्ट काढला:

"भर फेब्रुवारीत खाल्लं आइस्क्रीम, चारुदत्तरावांच्या साक्षीनं सापडलं लीट्रिम."

नोराला अर्थ सांगावा लागला. ऐकून ती भिंतीला धरून हसली. "नवऱ्याचं नाव घ्यायला एवढी खटपट? आम्ही तर नाव घेऊन ओरडतो." आणि नकाशावर लाल अक्षरांत लिहिलं: पास.

त्या रात्री योगिनीचा फोन आला. माधवीनं गोड आवाजात विचारलं, "योगिनी, इंग्लंडच्या काउंट्या नकाशात भरून दाखवशील का गं? सहज." योगिनीचं नेटवर्क एकदम गेलं.

सोमवारी माधवी चारुदत्तला घेऊन वकिलाकडे गेली. कोणी विचारलंच तर असावा म्हणून नकाशा पर्समध्ये होता. कोणी विचारलं नाही. मास्कमागून वकिलानं प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. माधवीनं ते शांतपणे पूर्ण वाचलं, उजवा हात मांडीवर एकदा पुसला आणि ठसठशीत सही केली.

निघताना राहवलं नाही. "लीट्रिमला समुद्रकिनारा आहे, माहितीये का तुम्हाला? इवलासा."

"लीट्रिमला?" वकील म्हणाला. "काहीतरीच."

बाहेर आल्यावर माधवी चारुदत्तकडे वळली. "बघ," ती म्हणाली. "याला एकही प्रश्न न विचारता नागरिकत्व दिलंय."