पहिलं भजं

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधी मळवली स्टेशनाबाहेर एक मुसलमान म्हातारा भजी तळायचा. आम्ही मित्र दर रविवारी तिथे हादडायला जायचो. घाण्यातलं पहिलं भजं तो झाऱ्यावर माझ्यापुढे धरायचा.

"मिठाचं सांगा, भाऊ."

रोज्यात त्याला चाखता येत नसे म्हणून पडलेली ही रीत ईद उलटली तरी चालूच राहिली. मीही न्यायाधीशासारखी मान डोलवायचो.

एकदा आईला भाज्याची लेणी दाखवायला नेलं. स्टेशनाबाहेर त्या म्हाताऱ्याच्या समोरच्याच आंब्याखाली तिने घरच्या गूळपोळ्यांची शिदोरी सोडली. त्याने हसून भज्याचा झारा माझ्याकडे उंचावला. आमच्या घरात मुसलमानाच्या हातचं चालत नसे.

"ओळखतोस का रे त्यांना?" आईने विचारलं.

"छे!" मी म्हणालो, आणि तेही मोठ्याने.

ते भजं त्याने स्वतःच खाल्लं.

पुढच्या रविवारी मी मित्रांच्या मागे दबकतच गेलो. झारा नेहमीसारखाच पुढे आला.

"मिठाचं तरी खरं सांगा की, भाऊ," तो हसत म्हणाला.

मित्र खिदळले; त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"जरा जास्त झालंय," मी म्हणालो.

तेवढंच खरं मला त्याला सांगता आलं. आईला तर तेवढंही नाही.