टेकाडामागचा राजा

शेजारच्या तंबूतल्या बुरुलचाचं टेकाडामागे कुणीतरी आहे, ही बातमी डोंगरावरच्या आमच्या उन्हाळी कुरणावर पहिल्यांदा आणली माझ्या वहिनीने, उल्कानने. पुरावा पक्का होता. बाई बादली घेऊन टेकाडामागे जाते, काखेत काहीतरी झग्याखाली झाकलेलं असतं, आणि परत येते तेव्हा डोक्यावरच्या रुमालाला, बाह्यांना वाळक्या गवताच्या काड्या!

"पन्नाशीची बाई," उल्कान म्हणायची, "आणि नवरा घरात खोकतोय."

आमच्या सगळ्यांच्या घोड्या तंबूंसमोर एकाच दोराला बांधलेल्या असत. बुरुलचाने तिची एकुलती एक घोडी मात्र ऑगस्टात सोडून टेकाडामागे नेली. म्हणे, तिकडे गवत हिरवं आहे. तोवर साऱ्या डोंगरावर हिरवं असं काही उरलंच नव्हतं. उल्कान एकदा टेकाड चढायला निघाली होती, पण अर्ध्यातच गुडघे धरले. तिथून तिला एवढंच ऐकू आलं : "जा माझ्या राजा, जवळ जा, लाजू नकोस." परत येऊन तिने ते इतक्यांदा म्हणून दाखवलं की पोरंसुद्धा एकमेकांना राजा म्हणू लागली.

नवरा मामबेत, माझा बालमित्र. छाती पोखरली होती त्याची, शहरातल्या डॉक्टरांनी परत पाठवलेला. वसंतात त्याच घोडीचं शिंगरू आडवं आलं तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने ओढून काढलं होतं. कपाळावर पांढरा ठिपका. सगळ्यांसमोर हसत म्हणाला होता, "हे पोरगं आपल्या पायांनी खाली गावात उतरलं, तर मीही उतरेन. नाहीतर माझं इथेच आटोपलं समजा." जूनभर दारात पडून त्याच्याकडे बघत असायचा. ऑगस्टात दारापर्यंत येणंही सरलं. घोडीच्या दुधाशिवाय काही घशाखाली उतरत नव्हतं. आणि घोडीचं तुम्हाला ठाऊकच आहे, शिंगरू अंगाशी असल्याशिवाय पान्हा सोडत नाही.

सप्टेंबरात सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरू लागला. लोक सामान बांधायला लागले. मी मामबेतपाशी बसलो होतो. उल्कान रोटी घेऊन आली, आणि रोटीबरोबर जीभही घेऊन आली.

"बुरुलचा, रुमाल झटक गं बाई. पेंढा सांडतोय घरात."

"कुरणावर राहतो, उल्कान. सांडणारच."

"आम्हीपण कुरणावरच राहतो हो. आमच्या डोक्यात नाही सांडत!"

उल्कान गेली. मामबेतने छताच्या गोल झरोक्याकडे नजर लावली. मग म्हणाला, "खरं आहे का गं?"

मी माझ्या टोपीची शिवण तपासायला घेतली.

"रागावलो नाहीये मी," तो म्हणाला. "मूलबाळ नाही आपल्याला. हिवाळ्यात तू एकटी कशी राहशील, याचाच घोर आहे मला. कुणी असेल तर बरंच की. आहे?"

दूध ओतता ओतता तिची पळी थांबली. नाही म्हणाली असती, तर टेकाडामागे काय करतेस हे सांगावं लागलं असतं.

"आहे," ती म्हणाली.

"भला आहे?"

"आहे."

"दारू पितो?"

"नाही, अहो."

"मग आपल्यातला नसणार!" तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर त्याने विचारलं, "आणि शिंगरू?"

"चरतंय."

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्याने वाडगा पुरता रिकामा केला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

त्याला खाली नेऊन पुरलं. मग मी तिचा तंबू उतरवायला परत वर आलो, तेव्हा घोडी आणायला मीच टेकाडामागे गेलो. काय होतं ते पाहिलं. बुरुलचा माझ्या मागे येऊन उभी होती.

"उल्कानला सांगू नका, भाऊजी."

"अगं, नाव स्वच्छ होईल तुझं."

"यांना मी 'आहे' म्हणाले होते," ती म्हणाली आणि दोर गुंडाळू लागली.

मग ती खाली एकटीच राहिली. उल्कान हिवाळ्यामागून हिवाळे तिच्या दारावर नजर ठेवून होती. कुणी आलं नाही. शेवटी तिने निकाल दिला, "टाकून गेला मेला!" बुरुलचाने तेही ऐकून घेतलं. यंदाच्या वसंतात तीही गेली. मातीला गेलेल्या बायकांनी परतताना पुन्हा त्या राजाची आठवण काढली, म्हणून हे सांगतो.

टेकाडामागे पुरुष नव्हता. मामबेतचं शिंगरू ऑगस्टातच ओढ्यात बुडून मेलं होतं. बुरुलचाने त्याचं कातडं सोलून त्यात वाळकं गवत भरलं होतं, आणि घोडीने दूध द्यावं म्हणून ते ती रोज घोडीपुढे धरत होती.